वाघधारेवरची व्याहीभेट

“फोन तुम्ही लावता का मी लावू?” कौशल्याबाईंनी विचारलं आणि तुळशीरामच्या हातातला चहा थंड झाला. तो तसा आधीच थंड होता, पण दोष द्यायला बायकोचा आवाज बरा पडतो.

“लावतो ना. आता इवाई जेवत असतील.”

“सकाळी सकाळी जेवत असतील?”

“मंग आंघोळ करत असतील.”

“अवो, महालक्ष्म्या तोंडावर आल्या. लगन झाल्यापासून पोरगी एकदा बी माह्या उंबऱ्यात आली नाई. सणाले पोरगी धाडा, एवढंच म्हनायचं हाये. वाघाच्या तोंडात हात नाई घालायचा.”

वाघाचं तुळशीरामला काही वाटत नव्हतं. त्याचं गाव जळगाव जामोदच्या वरच्या अंगाला, सातपुड्याच्या अगदी पायाशी. रात्री अस्वल अंगणात आलं तर तो त्याला ‘हाड’ म्हणून पुन्हा कूस बदलणारा माणूस. त्याला भीती होती ती वडनेर भोलजीच्या पुंजाजींची. पुंजाजी म्हणजे त्याचे व्याही, इकडच्या बोलीत इवाई, त्याच्या लेकीचे, डिंपलचे सासरे. ते भांडखोर असते तर फार सोपं होतं. दोन शब्द इकडचे, दोन तिकडचे, आणि मोकळं. पण पुंजाजी फार गोड बोलत. आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, तुळशीरामनं फोन करून म्हटलं होतं, “इवाई, सण आला.” पुंजाजी म्हणाले होते, “हाव, आला ना.” मग दोघांनी बराच वेळ एकमेकांचा श्वास ऐकला आणि फोन ठेवला. नागपंचमीलाही तेच. पोरगी धाडा, असं तुळशीरामच्या तोंडून निघालं नाही, आणि न मागता पुंजाजींनी धाडली नाही.

याचं मूळ लग्नात होतं. व्याहीभेटीच्या वेळी डीजेचा दणका, धूळ आणि सगळ्यांच्या डोक्यावर एकाच रंगाचे फेटे. तुळशीराम हार घेऊन धावला आणि त्यानं व्याह्याला अशी कडकडून मिठी मारली की समोरच्याचे पाय जमिनीवरून सुटले. खाली ठेवल्यावर कळलं, ते पुंजाजींच्या भाऊकीतले रामराव होते. खरे पुंजाजी शेजारीच दोन्ही हात पसरून उभे होते, शेतातल्या बुजगावण्यासारखे. फोटोवाल्यानं नेमका तोच क्षण टिपला आणि अल्बमच्या पहिल्या पानावर लावला. त्यावर पुंजाजी एक शब्द बोलले नाहीत. तेच तुळशीरामला खात होतं.

तर फोन लागला. तुळशीरामनं पाऊस विचारला. पुंजाजींनी सांगितला. सोयाबीन कशी आहे ते विचारलं. बरी होती. आता खरं बोलणं सोडून बोलायला काही उरलं नाही, आणि समोर कौशल्याबाई कंबरेवर हात ठेवून उभ्या. घाबरलेल्या माणसाच्या तोंडाला कुठूनही वाट फुटते, तशी फुटली.

“या ना कवा इकडं! आमची वाघधार पाहू. धबधबा काय पडून राह्यला औंदा!”

“येऊ ना,” पुंजाजी म्हणाले. “काऊन नाई?”

आता आपल्याकडे ‘या ना’ आणि ‘येऊ ना’ यांचा अर्थ राम राम एवढाच असतो. कुणी येत नाही, कुणी बोलावलेलं नसतं. स्वतः तुळशीराम त्या धारेकडे पोरवयात एकदाच निघाला होता, तेही चुकलेल्या म्हशीच्या मागं. आणि म्हैस अर्ध्या वाटेतून परत फिरली होती, कारण तिला अक्कल होती. पण पुंजाजींचा फोन स्पीकरवर होता. त्यांच्या सागरनं, म्हणजे तुळशीरामच्या जावयानं, ते ऐकलं. त्याला वाटलं, बाबांचा राग विरघळला. त्यानं लगेच आपल्या मेव्हण्याला, गोपालला, फोन करून रविवार पक्का केला. गोपालला वाटलं, आपल्या बाबांना मोठी हौस आली. संध्याकाळपर्यंत दोन्ही म्हाताऱ्यांना बातमी कळली की समोरचा हट्टाला पेटलेला आहे. आता नाही म्हटलं तर कायमचा रुसवा. मग दोघांनीही आपापल्या घरी गुडघ्याला तेल चोळलं.

“म्या पोरगी मागा म्हन्लं होतं,” कौशल्याबाई म्हणाल्या. “तुम्ही डोंगर दाखवून राह्यले?”

“तिथीच मागतो ना. डोंगरात मानसाचं मन मोकळं होते.”

“मोकळं झालं नाई तर तुम्ही बी तिथीच राहा.”

व्याह्याला रानात न्यायचं तर शिदोरीत भाकर-ठेचा बांधून कसं चालेल? रोडगे पाहिजेत. कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या आरात खरपूस भाजायचे, फोडून तुपात बुडवायचे, सोबत वांग्याची झणझणीत भाजी. म्हणून कणीक, वांगी, तूप, भाजी शिजवायचा गंज आणि पोतंभर गोवऱ्या निघाल्या. शिवाय व्याह्याला दगडावर बसवणं बरं दिसत नाही, म्हणून घरातली लाल प्लास्टिकची खुर्ची. हे सगळं गोपालच्या अंगावर चढलं. खुर्ची त्यानं डोक्यावर उलटी घातली. लांबून पाहणाऱ्याला चार शिंगांचं जनावर डोंगराकडे चाललंय असं वाटत होतं.

रविवारी पुंजाजी गाडीतून उतरले ते कडक इस्त्रीचं धोतर, पांढरी टोपी आणि करकर वाजणारे नवे बूट घालून. व्याह्याकडे जायचं म्हणजे तसंच जावं लागतं. त्यांना पाहून तुळशीराम मनात म्हणाला, माणूस तयारीनं आला, आता सुटका नाही. गोपालच्या डोक्यावरची खुर्ची पाहून पुंजाजी मनात म्हणाले, एवढा खटाटोप केला बिचाऱ्यांनी, आता कसं परत फिरायचं?

“किती लांब हाये बेटा?” त्यांनी हसत विचारलं.

“अर्धा घंटा, मामा,” खुर्चीखालून आवाज आला.

वाघधारेची वाट ज्यांनी पाहिली नाही त्यांना सांगतो: तिला वाट म्हणणं हा तिच्यावर उपकार आहे. आधी सागाचं रान, मग बांबूची बेटं, मग असा चढ की माकडंही तिथं शेपटीचा आधार घेतात. आणि एक नाला. नाला एकच, पण तो वळसे घेत वाटेला पुन्हा पुन्हा आडवा येतो आणि दर वेळी पहिल्यांदा भेटल्यासारखा भेटतो.

पहिल्याच भेटीत तुळशीराम काठावर थांबला. “तुम्ही पुढं व्हा, इवाई.”

“छे! तुम्ही मोठे. तुम्ही व्हा.”

“पोरीचा बाप कसा मोठा होईन? तुम्ही व्हा.”

“असं काऊन म्हन्ता? पोरगी तुमची, मान तुमचा.”

यात खोल अर्थ होता. व्याह्याला पुढं घातलं तर धोक्यात ढकललं असं होतं, मागं ठेवलं तर मान ठेवला नाही असं होतं. शेवटी दोघंही एकाच वेळी एकाच दगडावर पाय देत. तो दगड एकाचाच असे. मग दोघंही गुडघाभर पाण्यात उतरत आणि “लागलं तर नाई?” असं एकमेकांना विचारत. हे नाल्याच्या प्रत्येक वळशावर झालं. गोपाल पलीकडे जाऊन, खुर्ची काढून, वाट पाहून, पुन्हा खुर्ची घालेपर्यंत यांचं मानपान चालायचं.

चिखलानं तुळशीरामची एक चप्पल गिळली. हात कोपरापर्यंत घालूनही मिळाली नाही. ती पुढे डोंगराच्या त्या अंगाला, मध्य प्रदेशात निघाली असं लोक सांगतात. मी स्वतः पाहिलं नाही, म्हणून छातीठोक सांगत नाही.

चढाच्या मध्यावर तुळशीरामनं हिंमत बांधली. श्वास भात्यासारखा वाजत होता, तरी तो म्हणाला, “इवाई, एक इचारायचं होतं.”

पुंजाजी जागच्या जागी थांबले. हा परत फिरू म्हणतो की काय, या आशेनं त्यांचे डोळे चमकले. “बोला, बोला! मोकळं बोला!”

ती चमक पाहून तुळशीरामची जीभ आत गेली. हा तर चिडायलाच टपलेला आहे, असं त्याला वाटलं. “नाई, म्हन्लं, पाय तर नाई दुखून राह्यले?”

“छे!” पुंजाजींचा चेहरा पडला. “तुमचे?”

“छे छे.”

“अजून किती बेटा?”

“अर्धा घंटा.”

बांबूच्या बेटापाशी विसावा घ्यायचं ठरलं. गोपालनं खुर्ची मांडली. “बसा इवाई,” तुळशीराम म्हणाला. पण खुर्ची एकच. तुळशीराम उभा असताना पुंजाजी कसे बसणार? आणि पुंजाजी उभे असताना तुळशीराम दगडावर तरी कसा टेकणार? “बसा ना.” “तुम्ही बसा.” दोघंही खुर्चीच्या दोन बाजूंना उभे राहून आग्रह करत राहिले. तेवढ्यात झाडावरून वानरांची टोळी उतरली. त्यांच्यात मानपान नव्हतं. कणकेची पिशवी गेली, वांगी गेली, तुपाची बरणी एका लेकुरवाळीनं उचलली. टोळीचा म्होरक्या, चांगला भारदस्त, सरळ खुर्चीवर बसला आणि त्यानं एक एक वांगं सोलून खाल्लं. त्या दिवशी त्या खुर्चीवर बसणारा तो पहिलाच.

“हाड बे! हाड!” गोपालनं गोवरी फेकून मारली. वानरानं ती झेलली, हुंगली आणि परत फेकली.

“जाऊ द्या,” पुंजाजी क्षीण आवाजात म्हणाले. “मले तशी भूक नाईच.”

“मले बी नाई,” तुळशीराम म्हणाला. दोघांच्या पोटातून एकदमच आवाज आला. तो कोणाचा, याची चौकशी कुणी केली नाही.

आणि मग ती धार आली. आता खोटं बोलण्याची माझी सवय गावाला ठाऊक आहे, पण इथं मला काही वाढवावं लागत नाही. काळ्या कड्यावरून पाणी असं पडत होतं जसं कुणी वरून आभाळाचं पांढरं धोतर सोडून दिलंय आणि ते संपतच नाही. खाली हिरवा डोह, अंगावर तुषार, आणि गारवा असा की घामाला लाज वाटावी. दोन्ही म्हातारे तोंड उघडं टाकून पाहत राहिले. गोपाल मोबाइल घेऊन रील काढायला लगेच डोहाच्या पलीकडच्या खडकावर गेला.

काही वेळानं पुंजाजी म्हणाले, “इवाई, खरं सांगू? राग नका मानू. मले हे पाह्याचं नव्हतं.”

“काय?”

“तुमची हौस म्हनून आलो. माहे गुडघे गेल्या सालीच गेले. मले वाटलं, नाई म्हन्लं तर तुम्ही रुसान.”

तुळशीराम मटकन खाली बसला. ओल्या दगडावर. “अवो बाप्पा! म्या तर तुमच्या हौसेसाठी आलो! मले तर फोनवर पोरगी मागायची होती. सणाले. तोंडातून धबधबा निघाला.”

“डिंपलले?”

“हाव. महालक्ष्म्याले धाडा म्हनायचं होतं. तिच्या मायनं जेवन सोडाचं बाकी ठेवलं.”

पुंजाजी हसायला लागले, आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. “एवढंच? अवो, तिची बॅग आखाजीपासून भरून ठेवली हाये! तुम्ही फोन करता अन् म्हन्ता, सण आला. मी म्हन्तो, आला. मंग मी वाट पाहतो, आता मागतीन, आता मागतीन. तुमची ईन, सागरची माय, आमच्या घरी मलेच बोलते, की पोरीचा बाप मागत नाई म्हंजे त्यालेच नकोशी झाली काय?”

“अन् मले वाटलं, तुम्ही लग्नातल्या त्या मिठीचा राग धरला.”

“धरला होता,” पुंजाजी प्रामाणिकपणे म्हणाले. “दोन्ही हात पसरून उभा होतो मी. अल्बम पाह्यला की अजून खांदे दुखतात.”

तुळशीराम उठला. “मंग आता या, इवाई.”

पुंजाजींनी हात पसरले. वर धार गर्जत होती, आजूबाजूला सातपुडा साक्षीला होता, आणि लग्नात राहिलेली व्याहीभेट तिथं झाली. तुळशीरामनं मिठी मारली ती अशी कडकडून, की पुंजाजींचे पाय जमिनीवरून सुटले. ते जेव्हा परत टेकले, तेव्हा खाली शेवाळ होतं आणि पायांत नवे बूट होते. दोघंही एकमेकांना न सोडता खाली गेले. एक ‘कट्’ असा आवाज झाला, आणि तो धबधब्याच्याही वर ऐकू आला.

“लागलं तर नाई?” तुळशीरामनं सवयीनं विचारलं.

“लागलं,” पुंजाजी म्हणाले. या प्रश्नाला त्या दिवसातलं ते त्यांचं पहिलं रोखठोक उत्तर होतं.

खाली येणं वर जाण्यापेक्षा अवघड होतं. दोन गुराखी भेटले म्हणून निभावलं. खुर्चीला दोन बांबू बांधले, पुंजाजींना त्यात बसवलं आणि ते पडू नयेत म्हणून तुळशीरामनं आपलं धोतर सोडून त्यांना पाठीशी आवळलं. स्वतः तो पट्ट्यापट्ट्यांच्या चड्डीवर, एका चप्पलेनं, बांबूचं पुढचं टोक खांद्यावर घेऊन चालला.

“इवाई, तुम्ही खांदा नका देऊ,” वरून पुंजाजी कळवळून म्हणाले. “बरं नाई दिसत.”

“तुम्ही हलू नका फक्त.”

“अजून किती राह्यलं?”

“मामा, अर्धा...” गोपालनं तोंड उघडलं, आणि दोन्ही म्हातारे एकदम ओरडले, “चूप बे!”

डॉक्टरनं पुंजाजींच्या मोडलेल्या पायाला मांडीपर्यंत प्लास्टर घातलं आणि सांगितलं, गाडीचे हादरे नकोत, जवळच्या घरी खाटेवर ठेवा, दसऱ्यापर्यंत हलवू नका. जवळचं घर तुळशीरामचं. ओसरीवर खाट पडली. पुंजाजींच्या पायाखाली उशी आली, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी वडनेरहून डिंपलही आली.

कौशल्याबाई भाकर-तुकडा ओवाळायला दारात धावल्या. पोरगी उतरली. किती दिवसांनी! पण तिनं आधी डोक्यावर पदर घेतला आणि मग सासऱ्यांची चौकशी केली, “मामाजी कुठी हायेत?” तिच्या मागून सिंधूताई, म्हणजे तिची सासू, आपली बॅग घेऊन उतरल्या. “यायले कसं सोडू अशा हालतीत?” त्या म्हणाल्या. “मी बी राहते.”

माहेरी पोरगी उशिरा उठते, आईच्या मांडीवर डोकं टाकते, दिवसभर गाऊनवर हिंडते. डिंपल पहाटे उठून सासऱ्याचा चहा, सासूचं गरम पाणी, औषधं, पथ्याचं वरण करू लागली. ओसरीवर सासरा आणि माजघरात सासू. पदर डोक्यावरून उतरायची सोय नव्हती. कौशल्याबाईंचंही तेच. विहीण घरात म्हणजे कालची भाजी आज चालत नाही. महालक्ष्म्या आल्या, पुरणपोळ्या झाल्या, दोघी मायलेकी चुलीपुढे उभ्या राहिल्या आणि दोघींना एकमेकींशी ‘मीठ दे’ यापलीकडे बोलता आलं नाही. रात्री कौशल्याबाई नवऱ्याला एवढंच म्हणाल्या, “म्या पोरगी आना म्हन्लं होतं. तुम्ही तर सासर आनून ठेवलं.” तुळशीराम भिंतीकडे तोंड करून पडला. फोनवर तीन शब्द बोलायचे होते. ते नाही निघाले, म्हणून एवढा डोंगर.

सणानंतर एका दुपारी डिंपल त्याला गोठ्यात भेटली. इकडं-तिकडं पाहून तिनं पदर खाली घेतला.

“बाबा, मले वडनेरले जाऊ द्या ना.”

“काऊन वं माय? माहेरी करमत नाई?”

“माहेर हाये कुठी इथी?” ती म्हणाली, आणि पायाच्या अंगठ्यानं शेणाची गोवरी टोकरत राहिली. “मामाजी इथी. आत्याबाई इथी. तिथी घरात... हे एकटेच हायेत. लगन झाल्यापासून घर कवा रिकामं नव्हतं.”

तुळशीरामला एकदम म्हशीचं दावं फार सैल वाटलं आणि तो ते घट्ट करायला लागला. “जा बेटा,” तो दाव्याशीच बोलला. “मी सांगतो इवायाले. या खेपेला सरळ सांगतो.”

आणि त्यानं सरळ सांगितलं. पाऊस नाही, सोयाबीन नाही. खाटेशी जाऊन उभ्या उभ्या म्हणाला, “इवाई, पोरीले वडनेरले धाडू द्या.”

पुंजाजींनी त्याच्याकडे पाहिलं. त्यांचे डोळे भरून आले.

“नाई इवाई,” ते म्हणाले. “मले समजते तुमचं मन. आमच्या घराचे हाल होतीन म्हनून तुम्ही पोटच्या पोरीले लवकर धाडून राह्यले. पन मी बी मानूस हावो. पोरीच्या माहेरपनासाठी तुम्ही एवढा डोंगर चढले, मी हाड मोडून घेतलं, अन् आता चार दिवसात माघारी? नाई. सागर त्याचं तो पाहून घेईन. दसऱ्यापावतर राहू द्या, वाटलं तर दिवाळी बी होऊ द्या इथीच. पोटभर राहू द्या लेकराले.”

मग त्यांनी मान वळवून आत आवाज दिला, “सूनबाई, ऐकलं का? तुमच्या बाबाले सांगून टाकलं. आता खुशाल राहा माहेरी! अन् याच्यावर सगळ्याइले चहा टाका.”

आत एक भांडं जोरात आपटलं गेलं. ते डिंपलनं आपटलं की कौशल्याबाईंनी, हे पाहायला तुळशीराम आत गेला नाही.